जवारी

बनूआत्याची वही माझ्यासोबत मिरजेला आली.
निळा पुठ्ठा, तेल पिऊन कोपरे पारदर्शक झालेले.
आत सगळं मोजून.
मीठ पाऊण चमचा, सपाट.
पाणी दीड वाटी, वाटी म्हणजे रुखवतातली, नाव घातलेली.
शिट्ट्या तीन. तीनखाली दोन रेघा.

मी रक्त तपासते.
दिवसभर पिपेटच्या टोकाशी अनोळखी माणसांचे थेंब,
दहा मायक्रोलिटर म्हणजे दहाच,
अकरावा गेला तर कुणाची तरी साखर खोटी पडते.
संध्याकाळी खोलीवर येऊन
पुन्हा सपाट चमचा धरायला
हात राजी होत नाही.

खाली इलाहीचाचांचं दुकान.
गच्चीवर भोपळे वाळत घातलेले, सोलापूरकडचे,
पहिल्या आठवड्यात मला कोडंच पडलं
की एवढ्या भोपळ्यांची भाजी खातं तरी कोण.
ते तंबोरे करतात.

चाचा घोडी कानशीनं घासतात,
तार छेडतात, पुन्हा घासतात,
तारेखालचा दोरा सरकवतात
केसभर मागे, केसभर पुढे.
काय करताय, विचारलं.
म्हणाले, जवारी काढतोय.

आमच्याकडं जवारी पोत्यात असते.
मिरची जवारी, कोंबडी जवारी, म्हणजे आपली,
बियाणाच्या पाकिटातून न आलेली.
हाडाच्या पट्टीवरही जवारी निघते
हे कळलं त्या रविवारी
मी कण्या करायला घेतल्या.

कण्या वहीत आहेत, पान सव्वीस.
ते पान वाचलं, वही मिटली
आणि तिच्यावर तापलेली कढई ठेवली.

कण्या भाजल्या. किती? वास बदलेपर्यंत.
आधी खडूच्या डब्याचा होता,
मग बराच वेळ कशाचाच नव्हता,
मग एकदम भाकरीचा.
बेदाणे घातले, तासगावचे, प्रतवारीत बाद झालेले, काळपट,
ब्लड बँकेतल्या शैलानं दिलेले.
कांदा-लसणाची चटणी एक चिमूट,
मग दुसरी, मग दुसरीचा पश्चात्ताप.
वर ताक.
आणि ढवळता ढवळता खालून खर्जाची तार वाजली,
तिच्या मागून मधमाश्यांसारखं काहीतरी उठलं,
मी ऐकत राहिले
आणि पातेलं लागलं.

वाटीभर खाली नेलं तरीही.
चाचांनी बोटानं चाखलं.
"सूर काही लागला नाही,
बुडाला मात्र लागलंय."
मग जरा थांबून, "बेदाणा ठीक आहे.
त्याच्यासमोर आंबट कुणीतरी बसवा."
कानस पुसणारा जुबेर म्हणाला, चिंच.
चाचा म्हणाले, कैरी, चिंच काय, कैरी.
दोघांचं तिथंच जुंपलं.
मी जिना चढून आले.
सल्ला नवा असला म्हणून काय झालं,
त्याचीही वही व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या रविवारी टोमॅटो. नाव काढू नका.
तिसऱ्या रविवारी मंडईत अंबाडी दिसली,
म्हातारीनं जुडी विकली आणि कशी करायची तेही सांगू लागली,
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.
अंबाडी, कारळाचं कूट,
बेदाणे या वेळी अगदी शेवटी, फुगायच्या आत,
आणि थोडंसं लागू दिलं. मुद्दाम.
कारण पहिल्या रविवारी
आवडण्यासारखं जे काही होतं
ते त्या करपट वासातच होतं,
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

उभ्यानंच खाल्लं, पातेल्यातून.
खाली पाठवायचं राहूनच गेलं.

रात्री आत्याचा फोन.
"वहीपरमानंच केलंस न्हवं?"
"हो."
"शिट्ट्या?"
"तीन."
ती खूश झाली, मग पायाच्या दुखण्यावर गेली.
मी हं हं करत मोरीपाशी बसलेली,
पातेल्याच्या तळाला तपकिरी चकती,
चमच्याच्या दांड्यानं
केसभर मागे, केसभर पुढे,
सुटली तेवढी खरवड तोंडात टाकली.
"काय खातीयास?" आत्यानं विचारलं.